मध्ययुगीन मठांतल्या बायका आणि तीन कुलपांची पेटी

वेशीबाहेर

पूर्व लंडनमधल्या बार्किंगला राहायला येऊन आम्हाला आता सहा वर्षं झाली. बाजार ओलांडून पुढे गेलं की एक मोठं हिरवं मैदान लागतं. गवतात बुटक्या दगडी भिंतींचा आराखडा दिसतो, शेजारी सेंट मार्गारेटचं चर्च आहे आणि कर्फ्यू टॉवर नावाची जुनी मनोऱ्यासारखी वेस आहे. पहिली दोन वर्षं मी मुलीला तिथे खेळायला नेत होते. त्या भिंतींवर बसून आम्ही डबा खायचो. फलक वाचला होता, पण त्यातलं काही मनात उतरलं नव्हतं. नंतर वाचनालयातून एक पुस्तक आणलं, मग दुसरं, आणि हा विषय मला सोडेनासा झाला. म्हणून हा धागा.

तिथे बायकांचा मठ होता. साधारण ६६६ साली एर्कनवाल्डनं आपल्या बहिणीसाठी, एथेलबर्गासाठी तो स्थापला. मध्ये डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांच्या स्वाऱ्यांत मोडला, पुन्हा उभा राहिला आणि १५३९ पर्यंत चालला. गावंच्या गावं मालकीची, कुळं, गिरण्या, जंगल, मासेमारीचे हक्क. इंग्लंडमध्ये शाफ्ट्सबरी, विल्टन, विंचेस्टर आणि बार्किंग या चार मठांच्या प्रमुख बायकांना थेट राजाकडून सरदारकीच्या हक्कानं जमीन होती. त्या जमिनीच्या बदल्यात लढाईसाठी सरदार पाठवण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती. शाफ्ट्सबरीबद्दल तर म्हण होती की ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीचं तिथल्या मठाध्यक्षेशी लग्न लागलं, तर त्यांच्या वारसाकडे राजापेक्षा जास्त जमीन होईल.

एवढा पसारा बायका कसा चालवत होत्या, हे मला शोधायचं होतं. नन म्हणजे मान खाली घालून आज्ञा पाळणारी, असंच माझ्या मनात होतं. आज्ञापालनाचं व्रत त्यांनी घेतलेलं असे, ते खरंच आहे. पण ज्या बाईची आज्ञा पाळायची तिला त्यांनीच मतं देऊन निवडलेलं असायचं. मठाध्यक्षा वारली की राजाकडून निवडणुकीची परवानगी आणायची. मग सगळ्या सभागृहात जमायच्या. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं निवडीच्या तीन रीती घालून दिल्या होत्या. पहिली, सगळ्यांच्या तोंडून एकदम एकच नाव यावं; तसं झालं तर ती देवाची प्रेरणा मानत. दुसरी, काही विश्वासू जणींना निवडीचा अधिकार सोपवायचा. तिसरी, तिघांनी एकेकीचं मत गुपचूप विचारून लिहून घ्यायचं आणि मग सगळ्यांसमोर जाहीर करायचं. निवड झाली की बिशपची मान्यता आणि त्यानंतर राजाकडून जमिनी परत ताब्यात. मधल्या काळात जमिनी राजाच्या अंमलदाराकडे असत आणि उत्पन्न राजाच्या खिशात जाई. त्यामुळे निवडणूक लांबवणं मठाला परवडत नसे.

सभागृहाबद्दलही सांगते. लॅटिन आणि इंग्रजीत त्या जागेला आणि तिथल्या सभेला एकच शब्द आहे, ‘चॅप्टर’, कारण सभेची सुरुवात संत बेनेडिक्टनं मठांसाठी लिहिलेल्या नियमातल्या एका प्रकरणाच्या वाचनानं व्हायची. रोज सकाळी. त्या सहाव्या शतकातल्या नियमात ७३ प्रकरणं आहेत. तिसऱ्यात म्हटलंय की महत्त्वाचा प्रश्न आला की सगळ्यांना बोलवा, कारण पुष्कळदा देव सर्वांत धाकट्याला अधिक चांगलं सुचवतो. शेवटचा निर्णय मठप्रमुखाचा, पण ऐकून घेणं बंधनकारक. हे वाचलं त्या दिवशी मी त्या भिंतींकडे पुन्हा गेले होते.

खतावणी

फार दिवसांनी असा धागा वाचला. मी बँकेतून निवृत्त झालो. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं, म्हणून तेच विचारतो. निवडणूक झाली, ठीक. पण पैसा कोणाच्या हातात होता? सही कोणाची चालायची? अध्यक्षेनं गाव विकून टाकलं तर बाकीच्यांना पत्ता तरी लागत होता का? आमच्या नोकरीत संस्था बुडायची ती या तीन प्रश्नांपाशी.

वेशीबाहेर

काका, सहीच्या जागी शिक्का होता. मठाचा एक सामाईक शिक्का असे आणि तो उमटल्याशिवाय जमिनीचा कुठलाही करार मठावर बंधनकारक ठरत नसे. तो शिक्का अध्यक्षेच्या खोलीत राहिला की सगळं बिघडत जाई. म्हणून बिशप पुन्हा पुन्हा लेखी हुकूम देत: शिक्का आणि महत्त्वाची कागदपत्रं पेटीत ठेवा, पेटीला दोन किंवा तीन वेगवेगळी कुलपं लावा आणि किल्ल्या वेगवेगळ्या बायकांकडे द्या. एक अध्यक्षेकडे, बाकीच्या सगळ्यांनी निवडलेल्या जणींकडे. एकटीला ती पेटी उघडताच येऊ नये.

पैशाची वाटणी खात्यांप्रमाणे होती. वेदी आणि पूजेच्या वस्तू एकीकडे, कपडे आणि अंथरुणं दुसरीकडे, आजारी बायकांची सेवा तिसरीकडे, दानधर्म आणखी कोणाकडे. प्रत्येक खात्याला ठरावीक गावांचं उत्पन्न तोडून दिलेलं असायचं आणि ज्या बाईकडे खातं तिनं वर्षाचा हिशेब द्यायचा.

सर्वांत कष्टाचं खातं कोठीचं. बार्किंगच्या कोठावळणीनं वर्षभरात काय काय करायचं याची एक टिपणी शिल्लक आहे, तीही लॅटिनमध्ये नाही, त्या काळच्या रोजच्या इंग्रजीत. बाईनं बाईसाठी लिहिल्यासारखी. आधीच्या कोठावळणीची बाकी वसूल कर, इथून ती सुरू होते. मग कोणत्या गावाकडून किती खंड यायचा. मग कातडी, चरबी विकून आलेले पैसे जमेला धर. त्यानंतर खर्च: उपासाच्या चाळीस दिवसांसाठी हेरिंग मासे, बदाम, अंजिरं, मनुका, सणांना कोणती मांसं, किती जणींमागे किती. अंड्यांसाठी प्रत्येकीला दर आठवड्याला रोख पैसे द्यायचे, त्याला ‘आयसिल्व्हर’ म्हणायचे. अधिकारावरच्या जणींना दुप्पट वाटा. अशी यादी आमच्या आजीकडे असती तर तिनं ती देवघराच्या पेटीत जपून ठेवली असती.

निळी_शाई

लेख मनापासून आवडला. तरी काही गोष्टींची बाजू मांडायलाच हवी, नाहीतर चित्र फार उजळ दिसेल.

या बायका मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करू शकत नव्हत्या, पापनिवेदन ऐकू शकत नव्हत्या. त्यासाठी पुरुष धर्मगुरू पाहिजेच. स्पेनमध्ये बर्गोसजवळ लास ह्युएल्गास नावाचा मठ आहे, ११८७ मध्ये राजा आठवा अल्फोन्सो आणि त्याची इंग्लंडहून आलेली राणी एलेनॉर यांनी स्थापलेला. तिथल्या मठाध्यक्षेचा अधिकार बिशपच्या तोडीचा होता. तिच्या मुलखातल्या धर्मगुरूंना परवाने ती देई. पण १२१० मध्ये पोप तिसरा इनोसंट याला कळलं की बर्गोस आणि पालेन्सिया भागातल्या मठाध्यक्षा आपल्या बायकांना आशीर्वाद देतात, त्यांचं पापनिवेदन ऐकतात, शुभवर्तमान वाचून प्रवचन करतात. त्यानं ते थांबवलं. जमीन चालेल, न्यायनिवाडा चालेल, प्रवचन नाही.

दुसरं म्हणजे नियम. बेनेडिक्टचा नियम पुरुषांसाठी लिहिलेला. बाराव्या शतकात पॅराक्लीट मठाची प्रमुख हेलोईजनं आपल्या एके काळच्या नवऱ्याला, धर्मपंडित आबेलारला, अगदी स्पष्ट विचारलं: अंगालगत लोकरीचे कपडे घाला म्हणता, मग मासिक पाळीत बायकांनी काय करायचं? मठप्रमुखानं पाहुण्यांबरोबर जेवावं म्हणता, मग प्रमुख बाईनं परपुरुषाबरोबर जेवावं का? सहाशे वर्षं बायका तो नियम पाळत होत्या. हा प्रश्न कोणी कागदावर मांडला नव्हता याचं मला फार वाईट वाटतं.

आणि तिसरं, प्रवेश कोणाला? बहुतेक मोठ्या मठांत सरदार-जमीनदारांच्याच मुली. १२१५ च्या त्याच परिषदेला ६४ वा ठराव करावा लागला, की प्रवेशासाठी पैसे मागणं पाप आहे आणि हा दोष बहुतेक नन्सना लागलेला आहे. ठराव झाला तरी पैसे घेणं थांबलं नाही, ‘स्वेच्छेनं दिलेली भेट’ हे नाव लागलं. हुंड्याला आपल्याकडे काय काय नावं देतात ते आठवलं.

पोथीवाचक

निळी_शाई यांच्याशी सहमत. वर्गाचा प्रश्न अगदी सुरुवातीपासून होता. त्यासाठी फ्रान्समधल्या प्वातियेची हकिकत सांगायलाच हवी. माझ्या माहितीत याइतकी सविस्तर नोंदलेली मठातली भांडणं दुसरी नाहीत.

सहाव्या शतकात फ्रँक राजाची राणी राडेगुंड नवऱ्याला सोडून आली आणि तिनं प्वातियेला मठ काढला. राणी असूनही ती स्वतः प्रमुख झाली नाही, दुसरीला प्रमुख केलं आणि तिच्या आज्ञेत राहिली. नियम घेतला तो आर्लचा बिशप सिझेरिअस यानं आपल्या बहिणीच्या मठासाठी लिहिलेला. खास बायकांसाठी लिहिलेल्या नियमांत तो पहिल्या काहींपैकी एक. त्यात प्रत्येकीनं वाचायला शिकलंच पाहिजे असं आहे. मठात शिरली की मरेपर्यंत बाहेर पडायचं नाही, असंही आहे.

५८७ मध्ये राडेगुंड गेली. दोनच वर्षांत क्रोडिएल्ड आणि बासिना या दोघी राजघराण्यातल्या मुली चाळीसहून जास्त जणींना घेऊन मठातून बाहेर पडल्या. तक्रार अशी की आम्ही राजांच्या लेकी आणि इथे आम्हाला दासींच्या पोरींसारखं वागवतात. पावसातून, चिखलातून पायी तूर शहराला गेल्या. तिथला बिशप ग्रेगरी यानंच हे सगळं लिहून ठेवलंय. त्यानं थांबा म्हणून समजावलं. त्या परत प्वातियेला येऊन संत हिलरीच्या चर्चमध्ये ठाण मांडून बसल्या आणि गुंड जमा केले. त्या गुंडांनी रात्री मठ फोडला, अध्यक्षा लेउबोवेराला पकडायला गेले. तिला सांधेदुखी होती, चालता येत नव्हतं. अंधारात तिच्याऐवजी भलत्याच बाईला धरून ओढत नेलं, चूक कळल्यावर परत येऊन तिला नेलं.

शेवटी बिशपांचं न्यायासन बसलं. आरोप काय होते ते पाहा: अध्यक्षा सोंगट्या खेळते, बाहेरच्या लोकांबरोबर जेवते, मठात भाचीचा साखरपुडा केला, वेदीच्या रेशमी वस्त्रातून भाचीला कपडे शिवले, आम्हाला मात्र पुरेसं अन्नवस्त्र नाही. प्रत्येक मुद्द्यावर तिनं उत्तर दिलं. बिशपांनी तिला निर्दोष ठरवलं, थोडी समज दिली आणि बंड करणाऱ्यांना धर्मबहिष्कृत केलं. पुढे बासिनानं माफी मागितली, तिला मठात परत घेतलं. क्रोडिएल्डला राजानं एक जहागीर दिली आणि ती तिकडे राहायला गेली.

मला या हकिकतीत त्या बाकीच्या बायका दिसतात, ज्यांची नावं ग्रेगरीनं लिहिली नाहीत. त्या बाहेर पडल्या नाहीत, रात्री दारं फुटताना आत होत्या.

वेशीबाहेर

पोथीवाचक, शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ.

निळी_शाई, तुमचे तिन्ही मुद्दे मान्य. बाहेरचा पुरुष अधिकारी हा या व्यवस्थेचा भागच होता. तरी त्या तपासणीतून कधी कधी सामान्य नन्सना आवाज मिळाला, हेही नोंदवते. बिशप मठात यायचा तेव्हा सगळ्यांना एकत्र विचारत नसे. प्रत्येकीला एकटीला, एकामागून एक. कारकून शेजारी बसून लिहून घेई. पुष्कळ जणी ‘सगळं ठीक’ एवढंच म्हणून जात. काही बोलत.

लिंकनचा बिशप विल्यम ऑल्निक याच्या १४३६ ते १४४९ या काळातल्या तपासण्यांची कागदपत्रं शिल्लक आहेत. १४४१ मध्ये तो थेम्सकाठच्या अँकरविक नावाच्या छोट्या मठात गेला. प्रमुख होती क्लेमेन्स मेडफर्ड. बायकांनी सांगितलं: ही रत्नजडित सोन्याच्या अंगठ्या घालते, चांदीचा मुलामा दिलेले कमरपट्टे वापरते, रेशमी ओढणी घेते, आणि सगळं उत्पन्न एकटीच्या हातात ठेवते, हिशेब कधी दाखवलेला नाही, कपड्यांना आम्ही मोताद आहोत. खतावणीकाका, तुमचे तीन प्रश्न त्या बायकांनी पावणेसहाशे वर्षांपूर्वी जसेच्या तसे विचारले होते. बिशपनं लेखी हुकूम दिले.

खतावणी

वाचलं. अंगठ्या सोडून द्या, हिशेब न दाखवणं हाच गंभीर आरोप. हिशेब दडवला की पुढचं सगळं ओघानं येतं.

एक विचारतो. कर्जं होती का? एवढी जमीन असताना मठ कर्जबाजारी झाल्याचं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

वेशीबाहेर

पुष्कळ. छोटे मठ तर कायमचे. गुरांची साथ, नापिकी, पूर. बार्किंगला १३७७ मध्ये थेम्सच्या पुरानं चांगली जमीन पाण्याखाली गेली आणि बांध घालण्यातच मठ खचला. शिवाय वरून लादलेली माणसं. राजा राज्याभिषेकाच्या वेळी एखादी मुलगी मठात पाठवू शकत असे, तिला नाही म्हणता येत नसे. आणि एक सवय होती जी सगळ्यांत जास्त नडली. कोणी एकरकमी पैसे दिले की त्याला मरेपर्यंत रोजची भाकरी, दारू, कधी राहायला खोली द्यायचा करार करायचा. आज रोकड हाताला लागते, पण माणूस तीस वर्षं जगला तर? बिशपांच्या हुकुमांत हे वारंवार येतं: सर्व भगिनींच्या आणि आमच्या संमतीशिवाय असे करार करू नका.

वसईची_लेक

इतका वेळ फक्त वाचत होते. माझी मावशी सिस्टर आहे, संत क्लेअरला फार मानते. म्हणून इटलीतल्या आसिसीच्या क्लेअरबद्दल लिहिते, कारण वरच्या चर्चेत ती यायला हवी होती.

बायकांसाठीचे नियम पुरुषांनी लिहिले, हे निळी_शाई यांनी सांगितलं. क्लेअर ही पहिली बाई, जिनं आपल्या भगिनींसाठी स्वतः नियम लिहिला आणि पोपकडून मान्य करून घेतला. तिला त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षं वाट पाहावी लागली. पोप तिला सांगत होते, थोडी जमीन ठेवा, बायकांना सुरक्षित उत्पन्न पाहिजे. ती म्हणत होती, आम्हाला मालमत्ताच नको. ९ ऑगस्ट १२५३ ला मान्यता मिळाली, ११ ऑगस्टला ती वारली.

मावशीनं मला त्या नियमाचं चौथं प्रकरण वाचायला दिलं होतं, मी तेव्हा कॉलेजात होते. प्रमुख सगळ्यांच्या मतानं निवडायची. पुढे ती त्या कामाला पुरेशी नाही असं सगळ्यांना वाटलं, तर तिला बाजूला करून लवकरात लवकर दुसरी निवडायला भगिनी बांधील आहेत. ‘मुभा आहे’ असं नाही, बांधील आहेत. आठवड्यातून किमान एकदा सभा. त्या सभेत प्रमुखानंही आपल्या चुका कबूल करायच्या. मठाच्या हिताच्या गोष्टी सगळ्यांशी बोलायच्या, आणि इथेही ते आहेच, की देव पुष्कळदा लहानग्याला जास्त चांगलं सुचवतो. सगळ्यांच्या संमतीशिवाय मोठं कर्ज काढायचं नाही. प्रमुखाच्या जोडीला किमान आठ जणींचं सल्लागार मंडळ, तेही निवडलेलं.

जमीन नाही, खंड नाही, कुळं नाहीत. तरी कर्जाचं कलम तिनं घातलंच. तिनं घर चालवलेलं होतं, हे त्यातून कळतं.

निळी_शाई

वसईची_लेक, हे मला अजिबात माहीत नव्हतं. ‘बांधील आहेत’ यावर मी बराच वेळ विचार करतेय. वाईट कारभार खपवून घेणाऱ्यांनाही त्यात जबाबदार धरलंय.

माझ्याकडून एक भर. १२९८ मध्ये पोप आठवा बोनिफेस यानं फर्मान काढलं की सगळ्या नन्सनी कायम मठातच राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. सगळीकडच्या, सगळ्या पंथांच्या. जमिनींच्या कामासाठी, कोर्टासाठी बाहेर जाणाऱ्या बायकांच्या कारभारावरच हा घाव होता. १३०० मध्ये लिंकनचा तेव्हाचा बिशप डॅल्डर्बी मार्कयेट नावाच्या मठात ते वाचून दाखवायला गेला. चार जणी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेल्या आणि तो कागद त्याच्या अंगावर फेकला. आम्ही व्रत घेतलं तेव्हा हे त्यात नव्हतं, आम्ही हे पाळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. व्रत हा करार आहे आणि तो एका बाजूनं बदलता येत नाही, असा हा मुद्दा होता. कायदा शिकवणारी बाई म्हणून मला तो बिनतोड वाटतो.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. काळ थोडा पुढचा आहे, पण धागा इथपर्यंत येतो म्हणून.

जुन्या गोव्यात सांता मोनिका आहे, तीन मजल्यांची, आधाराच्या भल्यामोठ्या भिंती असलेली इमारत. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये संत ऑगस्टिनच्या पंथातल्या बायकांसाठी तो मठ स्थापला. बांधकाम १६२७ ला संपलं. तोपर्यंत कॅथलिक चर्चची ट्रेंटची परिषद होऊन गेली होती. १५६३ मध्ये तिनं बोनिफेसची बंदिस्ती पुन्हा कडक केली आणि त्याच बैठकीत असंही ठरवलं की मठप्रमुखांची निवड गुप्त मतदानानंच व्हावी, मत कोणी कोणाला दिलं ते कधीही उघड होऊ नये. प्रमुख बाई चाळिशीच्या खालची नसावी, व्रत घेऊन आठ वर्षं झालेली असावी. म्हणजे दाराला कुलूप आणि हातात गुप्त मत, दोन्ही एकाच वेळी मांडवीच्या काठावर आलं.

शंभर जणींसाठी बांधलेला मठ. काळी ओढणी घेतलेल्या आणि पांढरी ओढणी घेतलेल्या, असे दोन स्तर, आणि त्यात जातीचा, वंशाचा हिशेब होताच. इथल्या स्थानिक मुलींना काळी ओढणी सहज मिळत नव्हती. गोव्याच्या नगरपालिकेचं मठाशी जुनं भांडण. श्रीमंत मुली आणि त्यांचे हुंडे, वारसे मठात जातात, मग शहराला काय उरतं, ही तक्रार लिस्बनपर्यंत गेली. १८३४ मध्ये पोर्तुगाल सरकारनं धर्मपंथ बंद केले. बायकांना हाकललं नाही, पण नवीन कोणी घ्यायची मनाई. उरलेल्या तिथेच म्हाताऱ्या होत गेल्या.

मी लहानपणी आईबरोबर तिथल्या चर्चमध्ये जायचो. वेदीच्या पलीकडची ती जाळी मला आठवते, ज्यामागून त्या मिस्सा ऐकायच्या. ज्यांना मत होतं आणि ज्यांना नव्हतं, दोघी त्याच जाळीमागे.

पोथीवाचक

मांडवीकाठ, हे इथे आणल्याबद्दल आभार. १६०६ मधल्या गोव्याचा कारभार समजायला १२९८ चं फर्मान लागतं, हे आज नीट जुळलं.

वेशीबाहेर, बार्किंगचा शेवट राहिला की.

वेशीबाहेर

हो. लिहायला जरा टाळत होते.

आधी एक प्रसंग, जो मला त्या मठातला सगळ्यांत जवळचा वाटतो. १४०४ मध्ये सिबिल फेल्टन अध्यक्षा होती. तिच्या काळात लिहिलेल्या विधींच्या ग्रंथात पुस्तकवाटपाचं वर्णन आहे. उपासकाळाच्या पहिल्या सोमवारी सभागृहात सतरंजी अंथरायची, त्यावर सगळी पुस्तकं मांडायची. पुस्तकं सांभाळणारी बाई एकेकीचं नाव घेणार आणि गेल्या वर्षी तिला दिलेल्या पुस्तकाचं नाव. वाचून झालं असेल तर ती उठून पुस्तक सतरंजीवर ठेवणार. झालं नसेल तर सगळ्यांसमोर लोटांगण घालून क्षमा मागणार. मग पुढच्या वर्षासाठी नवीन वाटप. मतं, शिक्का, किल्ल्या याबरोबर हेही त्याच खोलीत व्हायचं.

१५३५ मध्ये राजानं केलेल्या मठांच्या उत्पन्नाच्या मोजणीत सियॉन आणि शाफ्ट्सबरीच्या खालोखाल बार्किंग हा इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत बायकांचा मठ. १५३६ मध्ये आठव्या हेन्रीनं छोटे मठ कायद्यानं बंद केले. मोठ्यांसाठी वेगळी रीत काढली. त्यांनी स्वखुशीनं शरणपत्र द्यायचं. कारण ती मालमत्ता अध्यक्षेची नव्हती, सगळ्यांची होती, त्यामुळे कायद्यानं ती द्यायची तर सगळ्यांनी सभागृहात जमून सामाईक शिक्का उठवायला हवा. १४ नोव्हेंबर १५३९ ला राजाचा माणूस विल्यम पेट्रे आला. अध्यक्षा डोरोथी बार्ली, तिच्याबरोबर तीस जणी. ज्या शिक्क्याच्या पेटीच्या किल्ल्या एकीच्याच हाती राहू नयेत म्हणून शतकानुशतकं हुकूम निघाले, तो त्या दिवशी बाहेर काढला आणि शरणपत्रावर उमटवला.

सगळ्यांना वर्षासन मिळालं, अध्यक्षेला मोठं, बाकीच्यांना बेताचं. लग्न करायची मात्र सोय नव्हती. त्याच वर्षीच्या कायद्यानं ब्रह्मचर्याचं व्रत मोडणं गुन्हा ठरवलं होतं. घर गेलं आणि व्रत राहिलं. १५४१ पासून इमारत पाडायला घेतली. दगड डार्टफर्डला राजाच्या नव्या वाड्यासाठी गेले. तो वाडा ज्या जागेवर बांधत होते तिथेही आधी बायकांचाच मठ होता.

गवतातल्या भिंती बुटक्या का आहेत, हे मुलीनं एकदा विचारलं होतं. आता तिला सांगता येतं.

खतावणी

सही कोणाची हे मी पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं. त्याचं उत्तर इथपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. पत्नीला पूर्ण धागा मोठ्यानं वाचून दाखवला.

वसईची_लेक

काल मावशीला फोन केला होता. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे. मार्कयेटचं सांगितलं, बार्किंगचं सांगितलं, तीन कुलपांची पेटीही सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आमच्याकडे अजून चिठ्ठ्याच टाकतात गं. ती चाळीस वर्षांपूर्वी एका घराची खजिनदार होती, तेव्हा दर महिन्याला जेवणानंतर जमाखर्च वाचून दाखवायची. एकदा अठरा रुपयांचा मेळ लागेना, तर तीन रात्री सगळ्या जणी वह्या घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, सापडले का? म्हणाली, सर्वांत धाकट्या नवशिकीला सापडले, दुधाच्या हिशेबात.